मोहरीचा गंध, मावा आणि परजीवी गांधीलमाशी: झाडाच्या वासावरून होणारा भक्ष्यशोध प्रयोगाने कसा तपासावा

मोहरीच्या शेंड्यावर माव्याची दाट वसाहत जमली असेल, तर भिंगातून ती सावकाश पाहावी. हिरवट, हलणाऱ्या किडींमध्ये काही फुगीर, गव्हाळ रंगाचे आणि पानाला घट्ट चिकटलेले निश्चल मावे दिसतात. ते मेलेले असतात, आणि त्यांच्या वाळलेल्या कातडीच्या आत डायरेटिएला रापी या परजीवी गांधीलमाशीची अळी किंवा कोष वाढत असतो. कीटकशास्त्रात अशा माव्याला ममी म्हणतात. ही माशी जेमतेम दोन मिलिमीटर लांबीची, काळपट आणि चिलटासारखी असते. ती माणसाला डंख करत नाही. मादी पोट पायांमधून पुढे वाकवते, क्षणार्धात माव्याच्या अंगात एक अंडे घालते आणि पुढच्या माव्याकडे वळते.

एवढी लहान माशी विस्तीर्ण शिवारातून मावा नेमका कसा शोधते, हा प्रश्न महाविद्यालयाच्या साध्या प्रयोगशाळेत तपासता येतो. त्याला महागडी उपकरणे लागत नाहीत. लागते ती तुलनेची शिस्त. कृषी आणि जीवशास्त्राचे विद्यार्थी, त्यांचे शिक्षक आणि प्रयोगशील शेतकरी यांना हे काम टप्प्याटप्प्याने करता यावे, यासाठी हा लेख लिहिला आहे.

आधी समजून घ्यायची गोष्ट

प्रौढ मादीचे आयुष्य काही दिवसांचे, फार तर दोन-तीन आठवड्यांचे असते. त्या काळात तिला शेकडो अंड्यांसाठी यजमान मावा, म्हणजे ज्याच्या अंगात तिची अळी वाढू शकते असा मावा, शोधायचा असतो. माव्याचा स्वतःचा गंध खात्रीचा असला तरी फार क्षीण असतो. शिवाय ज्या माव्याचा गंध कमी, तो वाचण्याची शक्यता अधिक, त्यामुळे निसर्गनिवडीचा कल गंध लपवण्याकडेच असतो. झाडाचा गंध मात्र विपुल असतो, पण त्या झाडावर मावा असेलच अशी खात्री त्यातून मिळत नाही. लुईस व्हेट आणि मार्सेल डिके या डच शास्त्रज्ञांनी १९९२ मध्ये ही अडचण नेमकी मांडली आणि तिची उकलही दाखवली: किडीने खाल्लेल्या झाडाचा गंध बदलतो, आणि तो बदललेला गंध विपुलही असतो व बऱ्याच अंशी खात्रीचाही.

माव्याच्या बाबतीत याचा सर्वांत नेटका पुरावा ब्रिटन आणि इटलीतील शास्त्रज्ञांनी घेवडावर्गीय बाकल्याच्या झाडावर, वाटाण्याच्या माव्यावर आणि ॲफिडियस एर्वी या माशीवर केलेल्या प्रयोगांतून १९९० च्या दशकात मिळाला. मावा लागलेल्या झाडाकडे माशी झेपावत होती आणि मावा पूर्णपणे काढून टाकल्यावरही ते झाड तिला आकर्षित करत होते. म्हणजे गंध झाडाचाच होता. त्याच झाडावर यजमान नसलेला काळा मावा वाढवला, तेव्हा मात्र हे आकर्षण दिसले नाही. गंधद्रव्यांचे विश्लेषण केल्यावर ६-मिथाइल-५-हेप्टेन-२-ओन हे संयुग वाटाण्याच्या माव्याने ग्रासलेल्या झाडाची विशेष खूण असल्याचे १९९८ मध्ये नोंदवले गेले. झाड आकर्षक होण्यासाठी साधारण ४० किंवा अधिक मावे आणि ४८ ते ७२ तास लागतात, हेही याच मालिकेत आढळले. हे दोन आकडे आपल्या प्रयोगाच्या आखणीत थेट उपयोगी पडतात, म्हणून ते लक्षात ठेवावेत.

मोहरीवर या गोष्टीला आणखी एक पदर आहे. मोहरीवर्गीय झाडांच्या पेशींत ग्लुकोसिनोलेट नावाची गंधकयुक्त संयुगे असतात आणि मायरोसिनेज हे विकर त्यांच्यापासून वेगळे साठवलेले असते. पेशी फुटून दोन्ही एकत्र आली, की आयसोथायोसायनेट ही तीव्र, उडनशील द्रव्ये तयार होतात. लोणच्यासाठी मोहरी पाण्यात फेसली की नाकात जो झणका बसतो तो यांचाच, आणि फोडणीत तडतडलेल्या मोहरीला तो झणका नसतो, कारण उष्णतेने विकर निकामी होते. कोबीवर्गीय भाजीचा गंध आणि शुद्ध ॲलिल आयसोथायोसायनेट या दोहोंकडे डायरेटिएलाच्या माद्या आकर्षित होतात, असे रीड, फीनी आणि रूट या अमेरिकी संशोधकांनी १९७० मध्ये दाखवले. त्यांनी शेतातही एक अर्थपूर्ण गोष्ट पाहिली: बीटावरील माव्याचे परजीवीकरण कोबीवर्गीय झाडांच्या शेजारी वाढत होते. पुढे २००० मध्ये ब्रिटनमधील ब्रॅडबर्न आणि मिथेन यांनी दाखवले, की ज्या वाणांतून ३-ब्युटेनिल आयसोथायोसायनेट अधिक सुटते त्या वाणांकडे ही माशी शेतात अधिक येते. म्हणजे वाण बदलला की माशीला मिळणारी सूचनाही बदलते.

पहिले काम: झाडे, मावा आणि माशी वाढवणे

प्रयोग फसतो तो बहुधा याच टप्प्यावर, म्हणून इथे घाई करू नये. बियाणे प्रक्रिया न केलेलेच घ्यावे. इमिडाक्लोप्रिड किंवा थायमेथोक्झाम या कीटकनाशकांची प्रक्रिया केलेल्या बियाण्यातून उगवलेल्या रोपावर मावा टिकत नाही, आणि टिकला तरी त्यावरील निरीक्षणांना अर्थ राहत नाही. एकाच वाणाची मोहरी एकाच मातीत, सारख्या कुंड्यांत, एका कुंडीत एक रोप याप्रमाणे लावावी आणि चार ते सहा पानांची रोपे प्रयोगाला घ्यावीत. नत्राची मात्रा सर्व कुंड्यांना सारखी ठेवावी, कारण नत्राने माव्याची वाढ आणि झाडाचे रसायन दोन्ही बदलतात.

निरोगी आणि मावा लागलेली झाडे वेगळ्या खोल्यांत ठेवावीत आणि दोन्हींची मुळे एकाच वाफ्यात येऊ देऊ नयेत. हा दंडक अतिरेकी वाटेल, पण त्याला ठोस कारण आहे. ग्रासलेल्या बाकल्याच्या शेजारी एकाच मातीत वाढलेले निरोगी झाडही ॲफिडियसला आकर्षक होते, असे गेरिएरी आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये दाखवले. आणि मुळांना जोडणाऱ्या मायकोरायझा बुरशीच्या जाळ्यातून हा संकेत जातो, हे बाबिकोवा आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये सिद्ध केले. आपले ‘निरोगी’ झाड शेजाऱ्याकडून आधीच सावध झालेले असेल, तर संपूर्ण तुलनाच पोकळ ठरते.

मोहरीचा मावा, म्हणजे लिपाफिस एरिसिमी, फवारणी न झालेल्या शेतातून डहाळीसह आणून मलमलीच्या पिंजऱ्यातील झाडावर सोडावा. साधी मच्छरदाणी चालत नाही; तिच्या छिद्रांतून माशी सहज ये-जा करते. शेतातून आणलेल्या माव्यात परजीवी अंडी असू शकतात, म्हणून त्यांची पिल्ले मऊ कुंचल्याने उचलून नव्या झाडावर न्यावीत, मूळ मावे काढून टाकावेत आणि नव्या वसाहतीत दोन आठवडे ममी दिसत नाहीत ना, याची खात्री करावी.

माशीसाठी ममी गोळा कराव्यात. ममी खरवडून काढू नये. पानाचा तेवढा तुकडा कापून एक-एक ममी रिकाम्या जिलेटिन कॅप्सूलमध्ये ठेवावी आणि कॅप्सूलवर झाडाचे नाव व तारीख लिहावी. एका कॅप्सूलमध्ये एकच ममी ठेवण्याचे कारण असे, की ममीतून प्रत्येक वेळी आपली माशी बाहेर पडेलच असे नाही. ॲलॉक्सिस्टा, पॅकीन्यूरॉन यांसारखे अतिपरजीवी कीटक, म्हणजे परजीवीवर जगणारे परजीवी, त्यातून निघू शकतात आणि ते आपल्या प्रयोगात मिसळले तर निष्कर्ष चुकतात. डायरेटिएला मागच्या बाजूला गोल, गुळगुळीत कडेचे छिद्र पाडून बाहेर येते. अतिपरजीवीच्या छिद्राची कड सहसा खडबडीत असते. काळ्या रंगाची ममी दिसली तर ती ॲफेलिनस गटातील माशीची समजावी आणि वेगळी ठेवावी.

झाडाचे नाव लिहिण्याला आणखी महत्त्वाचे कारण आहे. माशी ममीतून बाहेर पडताना त्या कवचावरचा गंध ‘शिकते’, असे ब्रिटनमधील व्हॅन एम्डेन आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगांतून पुढे आले आहे. कोष कवचातून अलगद काढून वेगळा वाढवला, तर मूळ झाडाबद्दलची तिची ओढ बरीच ओसरते. त्यामुळे मोहरीवरच्या आणि फुलकोबीवरच्या ममी एकत्र केल्या, तर आपण दोन वेगळ्या पूर्वानुभवांच्या माश्या एकाच तक्त्यात घालत असतो.

बाहेर पडलेल्या माश्यांना पातळ केलेल्या मधाचा कापसाचा बोळा द्यावा. मादीचे पोट टोकदार असते आणि नराच्या स्पर्शिका अधिक लांब असतात. माद्यांना काही तास नरांसोबत ठेवावे. मिलन न झालेली मादीही अंडी घालते, पण त्यांतून केवळ नर निपजतात, आणि प्रयोगात सर्व माद्या एकाच अवस्थेतील असणे इष्ट असते. एक ते तीन दिवस वयाच्या, पूर्वी झाडाशी किंवा माव्याशी संपर्क न आलेल्या माद्या पहिल्या फेरीसाठी निवडाव्यात.

उपकरणाची जुळणी

माशीला दोन गंधांपैकी एकाकडे वळता यावे, यासाठी वाय आकाराची काचनळी वैज्ञानिक काचकाम करणाऱ्याकडून करवून घ्यावी. आतील व्यास दीड ते दोन सेंटिमीटर आणि प्रत्येक भुजा दहा ते पंधरा सेंटिमीटर पुरेशी होते. प्लॅस्टिकची नळी वापरू नये, कारण प्लॅस्टिक गंध शोषते आणि पुढच्या चाचणीत परत सोडते. मासे पाळायच्या टाकीसाठी मिळणारा हवेचा पंप चालतो. त्याची हवा प्रथम सक्रिय कोळशाच्या बाटलीतून, नंतर ऊर्ध्वपातित पाण्याच्या बाटलीतून जाऊ द्यावी, मग तिचे दोन समान भाग करून प्रत्येक भाग एका मोठ्या काचेच्या बरणीतून वाय नळीच्या एकेका भुजेत सोडावा. बरणीत गंधाचा स्रोत, म्हणजे झाड, ठेवायचे. कुंडी आणि माती ॲल्युमिनियमच्या पत्र्यात घट्ट गुंडाळावी, म्हणजे मातीचा वास चाचणीत येणार नाही. दोन्ही भुजांतील प्रवाह प्रवाहमापकाने सारखे करावेत. प्रवाह हळुवार असावा. जोराच्या हवेत माशी नळीच्या भिंतीला चिकटून निश्चल बसते.

माश्या प्रकाशाकडे ओढल्या जातात, म्हणून नळीवर वरून एकसारखा, पसरलेला प्रकाश ठेवावा आणि सभोवती पांढऱ्या कागदाचा आडोसा करावा. खोलीचे तापमान २२ ते २६ अंश सेल्सिअस ठेवावे. अत्तर, उदबत्ती किंवा तीव्र वासाचा साबण वापरून कोणी खोलीत येऊ नये. फोडणीचा वास पोहोचेल अशा खोलीत हा प्रयोग करणे निरर्थक आहे.

चाचण्यांचा क्रम

बरेच विद्यार्थी थेट ‘मावा लागलेले झाड विरुद्ध रिकामी बरणी’ अशी एकच चाचणी करतात आणि माशी झाडाकडे गेली की समाधान मानतात. त्यातून जवळजवळ काहीच सिद्ध होत नाही, कारण माशी निव्वळ हिरव्या झाडाकडे, ओलाव्याकडे, माव्याच्या चिकट स्रावाच्या वासाकडे किंवा खुद्द माव्याकडे गेलेली असू शकते. चाचण्यांचा क्रमच या शक्यता एकेक करून बाजूला काढतो.

पहिली चाचणी दोन्ही बाजूंना रिकामी, स्वच्छ बरणी ठेवून करावी. माश्या एका बाजूला झुकत असतील तर दोष प्रकाशात किंवा प्रवाहात आहे; तो दूर होईपर्यंत पुढे जाऊ नये. दुसरी चाचणी निरोगी मोहरी विरुद्ध स्वच्छ हवा अशी असावी. तिच्यातून मोहरीचा मूळ गंध माशीला किती ओढतो, हे कळते. तिसऱ्या चाचणीत मावा लागलेले झाड आणि निरोगी झाड समोरासमोर ठेवावे. मावा किमान ५० असावा आणि झाडावर तीन दिवस राहिलेला असावा.

चौथी चाचणी सर्वांत महत्त्वाची आहे. तीन दिवस मावा पोसलेल्या झाडावरचा प्रत्येक मावा मऊ कुंचल्याने काढावा, टाकलेल्या काती आणि चिकट द्रव ओल्या कापसाने पुसावा आणि ते झाड निरोगी झाडाविरुद्ध तपासावे. तुलनेच्या निरोगी झाडावरूनही तसाच कुंचला आणि तसाच ओला कापूस फिरवावा, नाहीतर हाताळणीचा परिणाम आपण माव्याच्या नावावर लिहू. माशी आता जिकडे जाईल, त्यातून झाडाचा स्वतःचा बदललेला गंध बोलतो. पाचव्या चाचणीत फक्त मावे, झाडाशिवाय, स्वच्छ हवेविरुद्ध ठेवावेत. सहावीत एका निरोगी रोपाची दोन पाने चुरगाळून ते साध्या निरोगी रोपाविरुद्ध ठेवावे. मावा आपली सोंड पेशींच्या मधल्या जागेतून नेऊन अन्नरसवाहिनीपर्यंत पोचवतो, त्यामुळे पेशी फारशा फुटत नाहीत. चुरगाळलेल्या पानाचा झणका आणि माव्याने जागवलेला गंध या वेगळ्या गोष्टी आहेत.

शुद्ध ॲलिल आयसोथायोसायनेट डोळ्यांना आणि श्वासाला त्रासदायक असते. ते वापरायचेच असेल तर खनिज तेलात फार विरळ करून, हवा खेळती असलेल्या जागी आणि शिक्षकांच्या देखरेखीत वापरावे. महाविद्यालयीन प्रयोगाला चुरगाळलेले पान पुरते, असे माझे मत आहे.

प्रत्येक मादी एकदाच वापरावी. तिला नळीच्या देठाच्या टोकाशी सोडून पाच मिनिटे द्यावीत. भुजेवर आधीच आखलेली खूण ओलांडून ती किमान पंधरा सेकंद तिथे थांबली, तरच निवड मानावी. न निवडणाऱ्या माद्यांची संख्या वेगळी लिहावी, पण टाकून देऊ नये. दर चार-पाच माद्यांनंतर गंधस्रोतांची बाजू बदलावी. दर दहा माद्यांनंतर नळी साबणाने, मग पाण्याने आणि शेवटी अल्कोहोलने धुऊन गरम भट्टीत वाळवावी. दिवस बदलला की झाडेही बदलावीत: दहा माद्या एकाच झाडावर तपासणे म्हणजे त्या एका झाडाविषयी माहिती मिळवणे होय, मोहरीविषयी नव्हे.

आकडे वाचताना

छाप-काटा नाणेफेकीच्या गणिताने, म्हणजे द्विपद कसोटीने, निकाल तपासावा. निवड करणाऱ्या २० माद्यांपैकी किमान १५, ४० पैकी किमान २७ किंवा ६० पैकी किमान ३९ एका बाजूला गेल्या, तरच पाच टक्के पातळीवर फरक ग्राह्य धरता येतो. ४० पैकी २५ हा आकडा डोळ्यांना भरघोस वाटतो, पण तो योगायोगानेही पडू शकतो. मादींची संख्या प्रयोगापूर्वी ठरवावी. हवा तसा निकाल येईपर्यंत माद्या वाढवत जाणे हा प्रामाणिक मार्ग नव्हे. चौथ्या चाचणीत फरक आला नाही, तर तेही तितक्याच ठळकपणे लिहावे. वाण, रोपाचे वय आणि माव्याचा मुक्काम यांवर हा परिणाम अवलंबून असतो, आणि अनुभव नसलेल्या माद्यांची ओढ कमी असते. दुसऱ्या फेरीत काही माद्यांना चाचणीपूर्वी मावा लागलेल्या पानावर थोडा वेळ फिरू आणि अंडी घालू द्यावे आणि त्यांची निवड वेगळी नोंदवावी. अनुभवाने गंधाला मिळणारा अर्थ यातून समोर येतो.

शेतातील पडताळणी

नळीतील निवड आणि शेतातील वर्तन एकच असेल असे गृहीत धरू नये. यासाठी माव्याने भरलेल्या, परजीवीमुक्त मोहरीच्या कुंड्या ठेवण्याची पद्धत सोपी आहे. रब्बी हंगामात काही कुंड्या मोहरी किंवा कोबीच्या शेताच्या कडेला आणि काही हरभऱ्याच्या शेताच्या मध्यभागी, मोहरीवर्गीय पिकांपासून दूर ठेवाव्यात. तीन दिवसांनी त्या उचलून मलमलीच्या पिंजऱ्यात आणाव्यात आणि दहा दिवसांनी एकूण मावे व ममी मोजाव्यात. ढालकिडे आणि सिरफिड माशीच्या अळ्या कुंडीत आल्या असतील तर त्या लगेच काढाव्यात, कारण त्या परजीवीग्रस्त मावेही खातात. मुंग्यांपासून बचावासाठी कुंडी पाण्याच्या बशीत ठेवावी.

गंध आणि शेत यांतील दरी किती मोठी असू शकते, हे ब्रिटनमधील रॉथॅमस्टेड संशोधन केंद्राच्या अनुभवावरून दिसते. माव्याचा धोक्याचा गंध, बीटा-फार्नेसीन, स्वतः तयार करणारा गहू तिथे जनुकीय बदलाने घडवला गेला. प्रयोगशाळेत त्याने मावा दूर ठेवला आणि परजीवी माश्यांना आकर्षित केले; २०१२ आणि २०१३ च्या शेतचाचण्यांत मात्र मावा कमी झाला नाही, असे २०१५ मध्ये जाहीर झाले. म्हणून गंधाच्या गोळ्या किंवा फवारे विकत घेऊन माश्या बोलावण्यापेक्षा, खरा मावा आणि खरी मोहरी जिथे आहे तिथे माशी टिकू देण्यावर माझा भर राहील.

महाराष्ट्रात याची एक तयार जागा आहे. कोबीच्या २५ ओळींनंतर मोहरीच्या २ ओळी सापळा पीक म्हणून लावण्याची शिफारस अनेक वर्षे केली जाते. मोहरीची एक ओळ कोबीच्या लागवडीपूर्वी १५ दिवस आणि दुसरी लागवडीनंतर २५ दिवसांनी पेरतात. मोहरीवर चौकोनी ठिपक्यांचा पतंग आणि मावा एकवटतो, आणि शेतकरी तिथे कीटकनाशक मारून मोकळा होतो. पण त्याच ओळी डायरेटिएलाला बोलावणाऱ्या गंधाचा सर्वांत मोठा स्रोत आणि तिची वाढीची जागाही असतात. फवारण्यापूर्वी दहा शेंडे भिंगाखाली पाहावेत. ममी ठळकपणे दिसत असतील तर सिंथेटिक पायरेथ्रॉइडसारखे सर्वांना मारणारे औषध टाळावे, मावा फार असलेले आणि ममी नसलेले शेंडे खुडून नष्ट करावेत आणि गरज वाटल्यास ५ टक्के निंबोळी अर्क केवळ दाट वसाहतींवर फवारावा. खुडलेल्या शेंड्यांवर तरीही चार-दोन ममी आढळल्या, तर ती पाने कोबीच्या ओळीत सावलीला ठेवावीत. माश्या तिथेच बाहेर पडतील. बांधावर कोथिंबीर आणि बडीशेप फुलू द्यावी, कारण प्रौढ माशीला मकरंद लागतो आणि या उथळ फुलांतून तिला तो घेता येतो.